सार्वजनिक आरोग्याच्या राष्ट्रीय नियतकालिकाला लेख पाठवताना

प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे माझे माजी विद्यार्थी अधूनमधून एखाद्या साथीच्या तपासणीची फाइल घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, यातून पेपर होईल का?" फाइलमध्ये रुग्णांची लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची ओळीवार यादी, असते, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल असतात, ओटी टेस्टच्या, म्हणजे पाण्यातील क्लोरिन तपासणाऱ्या चाचणीच्या, नोंदी असतात, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवलेल्या दैनंदिन अहवालांच्या प्रती असतात. काम बहुधा मनापासून झालेले असते. साथ आटोक्यात आली की मात्र ती फाइल कपाटात जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात तशीच साथ आली तर तिथल्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून शोधावे लागते. मी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य हा विषय, शिकवते आणि नियतकालिकांसाठी हस्तलिखितांची समीक्षाही करते, म्हणजे छापण्यापूर्वी ती तपासून मत देते. त्या दोन्ही बाजूंनी पाहताना माझे मत असे झाले आहे की, तालुक्याच्या पातळीवर जे कळले ते राष्ट्रीय नियतकालिकात लिहून ठेवणे हा आरोग्यसेवेच्या कामाचाच शेवटचा टप्पा आहे आणि तो टप्पा आपल्याकडे फार वेळा राहून जातो.

असे लेखन किती वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. १९६५ साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्याची साथ सुरू असताना चांदीपुरा येथील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, संशोधकांनी त्याचे वर्णन १९६७ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या वेळी या विषाणूने कोणाचा जीव घेतल्याचे ठाऊक नव्हते. दोन तापाचे रुग्ण, एक नवा विषाणू, आणि त्याचे बारकाईने केलेले वर्णन एवढाच तो ऐवज होता. पुढे रायपूर येथील मेंदूविकाराच्या एका रुग्णाच्या रक्तात तोच विषाणू मिळाल्याची नोंद १९८३ साली त्याच नियतकालिकात आली. आणि २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडून त्यांतील १८३ दगावली, तेव्हा तपास करणाऱ्यांच्या हाती लागलेला विषाणू चांदीपुराचाच निघाला. मागच्या दोन नोंदी छापील स्वरूपात उपलब्ध होत्या म्हणून त्याला ओळखता आले, त्याचे नाव ठाऊक होते, त्याची मूळ नमुन्यांशी तुलना करता आली. १९६७ सालचा तो लेख "दोनच रुग्ण आहेत, यात काय लिहायचे" असे म्हणून कोणी बाजूला ठेवला असता तर काय झाले असते, याचा विचार माझ्या विद्यार्थ्यांनी करावा असे मला फार वाटते.

आपल्या देशात अशा लेखनासाठी जुनी आणि भरवशाची व्यासपीठे आहेत. वर उल्लेख आलेले 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ पासून निघते आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, ते नियतकालिक आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी खास म्हणावे असे 'इंडियन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ' हे त्रैमासिक इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन चालवते. ही संघटना १९५६ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे, जिथे १९३२ साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ सुरू झाली होती. पीएसएमच्या शिक्षकांची संघटना 'इंडियन जर्नल ऑफ कम्युनिटी मेडिसिन' काढते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' सार्वजनिक आरोग्यापुरते मर्यादित नाही, पण महाराष्ट्रातील वाचकाला ते परिचयाचे असते. यांपैकी कुठे पाठवायचे हे ठरवण्याचा एकच मार्ग मला पटतो: त्या नियतकालिकाचे गेल्या एक-दोन वर्षांचे अंक उघडून वाचणे. तिथे कोणत्या प्रकारचे प्रश्न विचारले जातात, लेख किती लांबीचे असतात, तक्ते किती असतात, चर्चा कुठल्या पट्टीत चालते, हे वाचूनच कळते. लेखकांसाठीच्या सूचनांचे पान वाचणे आवश्यक आहेच, परंतु त्या पानावरून नियतकालिकाचा स्वभाव कळत नाही.

सर्व प्रकारचे लेख पूर्ण लांबीचे शोधनिबंधच असावे लागतात हा एक मोठा गैरसमज आहे. बहुतेक नियतकालिकांत संक्षिप्त संशोधन-लेखांना आणि संपादकाला पत्र या सदराला जागा असते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या हाताशी असलेली माहिती पुष्कळदा याच साच्यात नीट बसते. एका गावातील साथ, एका लसीकरण सत्रातील अडचण आणि तिच्यावर काढलेला उपाय, एखाद्या आजाराचा अनपेक्षित हंगाम, हे सारे थोडक्यातच चांगले सांगता येते. ते ताणून तीन हजार शब्दांचे केले की प्रस्तावनेत भारताची लोकसंख्या आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या येऊन बसते आणि समीक्षकाचा उत्साह पहिल्या पानावरच मावळतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्याकडील हस्तलिखितांत जी उणीव मला सर्वांत जास्त वेळा दिसते ती भाषेची नसते, इंग्रजीची तर नसतेच. ती छेदाची, म्हणजे एकूण किती जणांपैकी हे सांगणाऱ्या खालच्या आकड्याची, असते. आपल्याकडे आजारी पडलेल्यांची यादी असते, आजारी न पडलेल्यांची नसते. समजा, एका गावात हजार माणसे राहतात. त्यांतील ८०० जण नळयोजनेचे पाणी पितात आणि २०० जण गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचे. अतिसाराचे ७० रुग्ण निघाले; त्यांतील ४० नळाचे पाणी पिणारे आणि ३० विहिरीचे. केवळ लाइन लिस्ट समोर ठेवून लिहिणारा लेखक म्हणेल की ५७ टक्के रुग्ण नळाचे पाणी पिणारे होते, सबब नळयोजना दूषित असावी. पण छेद घेतला की चित्र उलटे होते: नळाच्या पाण्यावर असलेल्या ८०० पैकी ४० म्हणजे ५ टक्के आजारी पडले, तर विहिरीच्या पाण्यावर असलेल्या २०० पैकी ३० म्हणजे १५ टक्के. धोका विहिरीच्या पाण्याने तिप्पट झालेला आहे. हा हिशेब शाळेतील मुलालाही जमेल, मात्र त्यासाठी गावात कोण कुठले पाणी पितो हे साथ सुरू असतानाच विचारून ठेवावे लागते. आशाताईंच्या आणि आरोग्य सेविकेच्या घरभेटींत हा एक प्रश्न आजारी नसलेल्या घरांतही विचारला गेला, तर त्या फाइलचे मोल कितीतरी वाढते. नंतर सहा महिन्यांनी लेख लिहायला बसल्यावर ती माहिती कुठूनही मिळत नाही.

तुलनेचा हा आग्रह पुस्तकी नाही. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यावरील १९९९ च्या 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील लेखात प्रयोगाची ३९ गावे होती आणि त्यांच्याबरोबर ४७ तुलनेची गावेही होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची निव्वळ घट झाली असे त्या लेखाला म्हणता आले ते या ४७ गावांमुळे. त्यांची आकडेवारी नसती तर घट काळाच्या ओघात आपोआप झाली असावी असे कोणीही म्हटले असते आणि त्याला उत्तर देता आले नसते. पुढे २०११ पासून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी हा आशांच्या राष्ट्रीय कामाचा भाग झाला. अर्थात प्रत्येक डॉक्टरला असा अभ्यास करता येणार नाही, परंतु "कोणाशी तुलना करून मी हे म्हणतो आहे" हा प्रश्न संक्षिप्त टिपणालाही लागू होतो.

छेदाच्या खालोखाल रुग्णाच्या व्याख्येचा प्रश्न येतो. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच झालेली, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत त्या गावात राहिलेली व्यक्ती, अशी स्पष्ट व्याख्या आधी ठरवली आणि सर्वांना सारखीच लावली, तरच शेवटी येणारा आकडा दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. व्याख्या लिहिलेली नसेल तर समीक्षक ती विचारणारच, आणि मग आठवून लिहिलेली व्याख्या प्रत्यक्ष यादीशी जुळत नाही असे आढळते.

राष्ट्रीय नियतकालिकाचा वाचक कोण, हे मनाशी स्पष्ट असावे. तो आसाममधील चहामळ्याच्या दवाखान्यात असेल, तमिळनाडूतील नगरपालिकेत असेल, राजस्थानातील जिल्हा रुग्णालयात असेल. त्याला पाडा म्हणजे काय, वाडी म्हणजे काय, ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी नेमके काय करतो, हे ठाऊक नसते. टीसीएल पावडर आपल्याकडे रोजच्या तोंडातला शब्द आहे; त्याच्यासाठी ती ब्लीचिंग पावडर आहे आणि तिच्यात उपलब्ध क्लोरिन किती होते हे सांगितले तरच त्याला त्याचा उपयोग आहे. पण परका वाचक समोर आहे म्हणून लेखातून गाव पुसून टाकणे हा दुसरा दोष झाला. "पश्चिम भारतातील एका ग्रामीण भागात" एवढेच लिहिले की वाचकाला पावसाचे मान, डोंगराळ भाग, स्थलांतराचा हंगाम, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, यांपैकी काहीच कळत नाही, आणि ती साथ तिथेच का आली या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच दडलेले असते. तेव्हा आपल्या जागेची सर्व वैशिष्ट्ये परक्या माणसाला समजतील अशा रीतीने सांगणे, हे या लेखनातील सर्वांत अवघड आणि मला सर्वांत आवडणारे काम आहे. विद्यार्थ्यांनी पहिला मसुदा आणला की मी बहुतेक वेळ याच परिच्छेदावर घालवते.

संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या नीतिमत्ता समितीच्या मंजुरीबद्दल आमच्या क्षेत्रात बराच गोंधळ आहे. साथीचा तपास करणे हे वैद्यकीय अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यासाठी समितीची वाट पाहत थांबायचे नसते. परंतु त्याच माहितीचे संशोधन म्हणून विश्लेषण करून ती छापायची असेल तर प्रश्न बदलतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण समितीपुढील छाननी, जलद छाननी आणि छाननीतून सूट असे तीन मार्ग दिलेले आहेत, आणि नुसत्या नोंदींवर आधारलेल्या, कोणाची ओळख उघड न करणाऱ्या अभ्यासाला बऱ्याचदा दुसरा किंवा तिसरा मार्ग लागू पडतो. मात्र सूट आहे हे समितीने ठरवायचे असते, लेखकाने नाही. संशोधन करून झाल्यावर मागील तारखेने मंजुरी मिळत नाही, त्यामुळे जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नोंदणीकृत समितीकडे आधीच अर्ज करावा. शासकीय सेवेत असणाऱ्यांनी वरिष्ठांची लेखी परवानगीही घ्यावी. एखाद्या उपचाराची किंवा उपक्रमाची चाचणी असेल तर तिची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे पहिला सहभागी दाखल होण्यापूर्वी व्हायला हवी. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि नोंदणी नसेल तर नियतकालिक लेख परत पाठवते.

मंजुरीचा क्रमांक मिळाला की नीतिमत्तेचा प्रश्न संपला असे समजू नये. सातशे वस्तीच्या गावाचे नाव लिहून "३४ वर्षांची अंगणवाडी सेविका" असे म्हटले की ती कोण हे पंचक्रोशीला कळते. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, आत्महत्येचा प्रयत्न अशा विषयांत तर एका विशेषणानेही एखाद्याचे घर उघडे पडते. गावाचे वर्णन सविस्तर द्यावे आणि व्यक्तीचे वर्णन आवश्यक तेवढेच द्यावे, हा समतोल मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. नकाशा देताना घरांचे ठिपके मुद्दाम थोडे सरकवून द्यावेत आणि तसे केल्याचे लेखात नमूद करावे.

लेखकांच्या नावांचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जिच्या गटाची पहिली बैठक १९७८ साली व्हँकूव्हर येथे झाली, लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी सांगते. अभ्यासाची आखणी, माहितीचे संकलन किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात वैचारिक दुरुस्ती करण्यात सहभाग. छापण्याच्या अंतिम आवृत्तीला संमती. आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुख आहेत म्हणून, कार्यालय त्यांचे आहे म्हणून, किंवा पुढच्या बढतीला त्यांना एक पेपर कमी पडतो म्हणून नाव घालणे या अटींत बसत नाही. आपल्या व्यवस्थेत कनिष्ठ डॉक्टरला हे तोंडाने म्हणणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून मी असे सुचवते की काम सुरू करतानाच एका कागदावर कोणी काय करायचे आणि नावांचा क्रम काय राहील हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. असा कागद असला की पुढे येणाऱ्या दबावाला नम्रपणे उत्तर देता येते. लेख लिहिताना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची मदत घेतली असेल तर तेही उघडपणे सांगावे लागते, आणि अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, हे याच समितीने २०२३ साली स्पष्ट केले आहे.

जी नावे हवीत ती मात्र नसतात. पावसात चिखल तुडवत घरोघरी फिरून यादी करणाऱ्या आशा, नमुने बर्फात ठेवून एसटीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवणारा आरोग्य सेवक, यांना आपण आभाराच्या परिच्छेदात "आरोग्य कर्मचारी" या दोन शब्दांत उरकतो. त्यांची संमती घेऊन त्यांची नावे आभारात छापावीत. त्यांच्यापैकी कोणी प्रश्नावलीच्या आखणीत, विश्लेषणात आणि मसुद्यावरील चर्चेत खरोखर भाग घेतला असेल तर त्यांचे नाव लेखकांत यायला हवे, मग त्यांच्या नावापुढे पदवी असो वा नसो.

प्रत्यक्ष लेखनाविषयी थोडेच सांगते, कारण त्यावर मार्गदर्शन भरपूर उपलब्ध आहे. निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर २००७ साली प्रसिद्ध झालेली 'स्ट्रोब' ही २२ मुद्द्यांची सूची शेजारी ठेवावी. ती लेख झाल्यावर भरण्याचा फॉर्म नाही, अभ्यास आखतानाच ती वाचली तर अधिक उपयोगी पडते. सारांश बहुतेक ठिकाणी अडीचशे शब्दांच्या आत मागतात, आणि तो सर्वांत शेवटी लिहावा. तेरा जणांपैकी चार जणांचे "३०.७७ टक्के" करू नये, तेरापैकी चार असेच लिहावे. संगणकाने "०.०००" असे दाखवले तरी फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी मूल्य, शून्य नसते, तिथे ०.००१ पेक्षा कमी असे लिहायचे असते. तक्त्यातील सर्व आकडे वाक्यांत पुन्हा मांडू नयेत. संदर्भ स्वतः वाचलेलेच द्यावेत, दुसऱ्याच्या यादीतून उचललेले नव्हे. चुकीचा संदर्भ एका लेखातून दुसऱ्यात कसा वर्षानुवर्षे फिरत राहतो हे समीक्षा करताना स्पष्ट दिसते.

मर्यादांचा परिच्छेद मात्र अनेक जण घाबरत लिहितात, आणि तिथे मी आग्रहाने थांबते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य साप्ताहिकाने, 'एमएमडब्ल्यूआर'ने, लॉस एंजेलिसमधील तीन रुग्णालयांत आढळलेल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली. पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची ती पहिली छापील नोंद ठरली. त्या छोट्या टिपणात कोणताही मोठा दावा नाही. पाच रुग्णांचे वर्णन आहे, ते एकमेकांना ओळखत नसल्याचे सांगितले आहे, आणि संपादकीय टिपणीत रोगप्रतिकारशक्तीतील बिघाडाचा अंदाज हा अंदाज म्हणूनच मांडला आहे. इतक्या कमी माहितीवर इतके नेमके बोलता येते, कारण काय पाहिले आणि काय वाटते या दोहोंची सरमिसळ त्यात केलेली नाही. "आमच्याकडे फक्त दवाखान्यात आलेले रुग्ण नोंदले गेले, सौम्य आजाराचे रुग्ण घरीच राहिले असण्याची शक्यता आहे, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण याहून जास्त असावे" असे वाक्य लेखकाची किंमत वाढवते. समीक्षक म्हणून मला असे वाक्य दिसले की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

लेख पाठवण्याची यांत्रिक बाजू कंटाळवाणी असली तरी तिच्यातील ढिलाईमुळे बरेच लेख समीक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत. लेखकांची नावे आणि संस्था यांचे पहिले पान वेगळ्या फाइलमध्ये आणि मूळ लेख नावांशिवाय दुसऱ्या फाइलमध्ये द्यायचा असतो, कारण समीक्षकाला लेखक कोण हे कळू नये अशी बहुतेकांची पद्धत आहे. मग पद्धतीच्या परिच्छेदात "आमच्या अमुक महाविद्यालयाच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात" असे राहून जाते आणि लेख परत येतो. सोबतच्या पत्रात संपादकाची स्तुती नको. या लेखातून नवे काय कळते आणि ते या नियतकालिकाच्या वाचकाला का हवे, एवढे पाच-सहा ओळींत सांगावे. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, आणि एका प्रबंधाचे तुकडे करून चार लेख बनवू नयेत.

उत्तर यायला महिने लागतात. संपादक आणि समीक्षक बहुधा आपल्यासारखेच शिक्षक असतात, ओपीडी, वर्ग आणि परीक्षा सांभाळून, विनामोबदला हे काम करतात. नकार आला तर कारणे वाचून, लेख सुधारून दुसरीकडे पाठवावा; जसाच्या तसा पुढे ढकलू नये, कारण विषयाचे जाणकार मोजके असतात आणि दुसऱ्या नियतकालिकानेही त्याच समीक्षकाकडे तो पाठवण्याची शक्यता असते. मोठे बदल सुचवून लेख परत आला तर मात्र ती चांगली बातमी आहे. समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवावा, त्याखाली आपले उत्तर आणि बदल कुठल्या ओळीत केला ते लिहावे. समीक्षकाचे म्हणणे चुकीचे वाटले तर आधार देऊन तसे सांगण्यात काहीही गैर नाही. गावात गेलेला लेखक असतो, समीक्षक नव्हे, आणि चांगला समीक्षक हे मान्य करतो. नको ते एवढेच की सर्व सूचनांना "दुरुस्ती केली आहे" असे उत्तर देऊन मजकुरात एक शब्द इकडेतिकडे करायचा.

या विलंबाला कंटाळून आणि बढतीच्या नियमांच्या ओझ्याखाली पुष्कळ तरुण शिक्षक पैसे घेऊन आठवडाभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळतात. याचे मला मनापासून दुःख होते, कारण त्यात लेखकाचे पैसे जातात ते जातातच, पण गावाची माहितीही जाते. तिथे छापलेला लेख पुन्हा दुसरीकडे छापता येत नाही आणि शोधणाऱ्याला तो सापडत नाही. ईमेलमध्ये अवाजवी स्तुती, तीन दिवसांत स्वीकृती, समीक्षेत एकही प्रश्न नाही, आणि संपादक मंडळातील माणसांचा विषयाशी संबंध नाही, अशी लक्षणे दिसली की थांबावे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-क्रमांक, असणे हा दर्जाचा पुरावा नाही. नियतकालिक पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीत किंवा डीओएजे या सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकांच्या सूचीत आहे असा दावा असेल तर तो त्या नियतकालिकाच्या पानावर न वाचता थेट पबमेडवर आणि डीओएजेवर जाऊन तपासावा. शुल्क घेणारी सर्वच नियतकालिके फसवी नसतात. शुल्क किती आणि कशासाठी हे आधी जाहीर केलेले आहे का, आणि स्वीकृतीचा निर्णय त्यापासून स्वतंत्र आहे का, हे पाहायचे असते.

लेख छापून आला की त्याची प्रत तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी, आभारात नाव असलेल्या प्रत्येकाला द्यावी. आणि ज्या गावाने घरोघरी दार उघडून आपल्याला उत्तरे दिली, त्या गावासाठी मराठीत एक पान लिहावे: काय आढळले, कोणत्या स्रोताच्या पाण्यापासून धोका होता, ग्रामपंचायतीला काय करता येईल. त्या पानावर टक्केवारी शक्यतो नको. शंभर माणसांमागे किती, अशी भाषा असावी आणि कोणत्याही घराचा उल्लेख नसावा. ते पान ग्रामसभेच्या पुरेसे आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) पोहोचवावे, म्हणजे विषयपत्रिकेत त्याला जागा मिळते आणि विहिरीच्या दुरुस्तीचा ठराव त्याच सभेत मांडता येतो.